तीच रेड वाइन मे महिन्यात नकोशी आणि डिसेंबरात उत्तम: घरी चाखताना खरं कसं ठरवायचं?

तळजाई:

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

आम्ही सहकारनगरला राहतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे तीन जोडपी जमतात, सगळे पन्नाशी ओलांडलेले. पाच वर्षांपूर्वी नाशिकला एका वायनरीत गेलो होतो, तिथून ही आवड लागली. दोन-तीन रेड वाइन उघडायच्या, थोडी थोडी चाखायची, त्यावर बोलायचं आणि मग पानावर बसायचं. मी त्यासाठी एक दोनशेपानी वही घातली आहे. बाटलीचं नाव, द्राक्षाची जात, साल आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवते. आजवर 41 वाइन झाल्या.

परवा संक्रांतीची आवराआवर करताना ती वही हाती लागली. पहिल्या पानापासून वाचत गेले आणि वाईट वाटलं. तीसेक ठिकाणी "छान", "बरी", "स्मूथ" यापलीकडे एक शब्द नाही. ही मंडळी आमटीत गूळ किती पडलाय यावर अर्धा तास बोलू शकतात, मग वाइनपुढे आमची वाचा का बसते?

त्याच वहीत एक गोष्ट सापडली, तिच्यामुळे इथे लिहिते आहे. एक वाइन आम्ही चुकून दोनदा आणली होती. तेच नाव, तेच साल, तेच दुकान. मे महिन्याच्या पानावर लिहिलंय, "घशाशी जळजळ, औषधासारखा वास. परत नको." डिसेंबरच्या पानावर, "जांभूळ! शेवटी सुपारीसारखं. जरूर आणायची." दोन्हीकडे अक्षर माझंच. वाइनचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष बाटलीचा होता की आमचा हेच मला कळलेलं नाही. यातली कुठली नोंद खरी धरायची?

दुसरी गोष्ट जरा मनाला लागलेली आहे. मी दर उन्हाळ्यात गोडा मसाला घरी करते. दगडफूल भाजताना एक क्षण येतो, त्याचा मातकट वास मागे पडतो आणि जुन्या लाकडी कपाटासारखा वास सुटतो. तिथेच कढई उतरवायची. तो क्षण मला बाहेरच्या खोलीत बसून कळतो. म्हणजे नाकावर माझा भरवसा आहे. पण शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) उघडली की माझे यजमान पहिल्या वासाला "काळी मिरी" म्हणतात, बाकीचे माना डोलावतात, आणि मला ती मिरी आजवर एकदाही आलेली नाही. मिसळणाच्या डब्यातली मिरी कुटून हुंगली, ती स्वच्छ आली. लगेच पेला नाकाला लावला, तिथे काही नाही. माझ्या नाकात काही कमी आहे का?

क्लास लावायचा नाही. घरच्या घरी असं चाखायचं आहे की आज लिहिलेलं पुढच्या वर्षी वाचलं तर त्यावर विश्वास बसावा.

प्रयोगवही:

तळजाईताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी नारायणगावच्या पट्ट्यात एका वायनरीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली, आता वारज्यात घरीच असतो. तुमच्यासारखी वही ठेवणारी माणसं फार कमी भेटली.

तुमच्या दोन्ही नोंदी खऱ्या माना. माझा संशय तापमानावर आहे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात रात्री आठ वाजतासुद्धा बैठकीत 31-32 अंश असतात. आपल्या रेड वाइनमध्ये साधारण 13-14 टक्के अल्कोहोल असतं. वाइन कोमट असली की ते भराभर उडतं आणि फळाच्या आधी नाकात शिरतं. तोच तुमचा "औषधासारखा वास", आणि घशातली जळजळही त्याचीच. डिसेंबरात तीच बाटली तुमच्या ओट्यावर आपोआप वीस अंशांच्या आसपास आली असणार, म्हणून जांभूळ वर आलं. उलट फार गार केली तर वास मुका होतो आणि तुरटपणा टोचायला लागतो. माझ्या फ्रिजमध्ये उन्हाळ्यात बाटली 17 अंशांवर यायला दीड तास लागतो, बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पेल्यात बुडवून बघा आणि आकडा वहीत लिहा. या एका आकड्याने तुमच्या निम्म्या नोंदींचा उलगडा होईल.

पेले सगळ्यांना एकसारखे हवेत, पोट मोठं आणि तोंड निमुळतं. चाखण्याचा प्रमाणित पेला साधारण 215 मिलीचा असतो आणि त्यात 50 मिलीच ओततात, म्हणजे वर वास साठायला जागा राहते आणि पेला फिरवता येतो. पेला कपाटातून काढल्यावर रिकामाच हुंगा. भांड्याच्या साबणाचा किंवा फडताळाचा वास आला तर नुसत्या पाण्याने विसळा. त्या संध्याकाळी देवापाशी उदबत्ती जरा आधी लावा, आणि मोगऱ्याचा गजरा माळून कुणी बसलं असेल तर त्यांना खिडकीपाशी जागा द्या. पुण्याच्या घरात वाइनच्या वासाशी सगळ्यात मोठी स्पर्धा या दोघांची आणि शेजारच्या फोडणीची असते.

आता वाचा का बसते त्याबद्दल. "स्मूथ" हा शब्द तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो, म्हणून आधी त्या सोडवा. तीन वाट्या घ्या. एकीत लिंबू पिळलेलं पाणी, दुसरीत दहा मिनिटं उकळून गार केलेला कोरा चहा, तिसरीत रात्रभर मेथ्या भिजवलेलं पाणी. एकेक घोट घ्या आणि गिळल्यावर पाचपर्यंत मोजा. लिंबाने गालांच्या आत पाणी सुटतं. चहाने वरचा ओठ हिरडीला चिकटतो, जीभ खरखरीत होते. मेथीचं पाणी जिभेच्या मागे रेंगाळतं. आंबट, तुरट, कडू. वाइनमध्ये हे तिन्ही एकदम येतात. यातला तुरटपणा खरं तर स्पर्श आहे. सालीतलं आणि बियांमधलं टॅनिन नावाचं द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि तोंडातलं वंगण कमी होतं. आपल्याला तुरट हा शब्द सुपारीमुळे, आवळ्यामुळे, हिरड्यामुळे लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही डिसेंबरात "सुपारी" लिहिलंत ती अचूक नोंद आहे, तिच्या जागी कुठलाही परका शब्द घालू नका.

हा तुरटपणा घोटागणिक साठत जातो हेही लक्षात ठेवा. तिसरी वाइन पहिलीपेक्षा तुरट लागली तर तो क्रमाचा परिणाम असू शकतो. म्हणून एकदा उजवीकडून डावीकडे आणि मग डावीकडून उजवीकडे चाखत जा. आणि थुंका. घरी चारचौघांत अवघड वाटतं मला माहीत आहे, पण 50 मिलीचे चार पेले गिळले तर साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं आणि चौथ्या पेल्याची नोंद त्या अल्कोहोलची असते.

वासासाठी तुमचा मिसळणाचा डबा आणि मंडई पुरेशी आहे. मे महिन्यात करवंदं, जूनमध्ये जांभळं घेऊन थोडी फ्रीजरला टाका. कॅबर्ने या द्राक्षाच्या वाइनमध्ये कधीकधी ढोबळी मिरची चिरल्याचा वास येतो तो पायराझिन नावाच्या द्रव्याचा, द्राक्ष कमी पिकलं असेल तर जास्त. लाकडी पिंपात ठेवलेल्या वाइनमध्ये व्हॅनिला, लवंग येते. अमेरिकन ओक असेल तर ओल्या खोबऱ्याकडे झुकते. ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळ कुठे दिसेना, तर ती बुचातून आलेली खराबी समजा. अशी बाटली कितीही वेळ उघडी ठेवली तरी सुधारत नाही.

आता मिरी. तुमच्या नाकात कमी काही नाही. शिराझमधल्या मिरीच्या वासामागचा पदार्थ म्हणजे रोटंडोन. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यावरचं काम 2008 साली प्रसिद्ध केलं. काळ्या मिरीतही तोच असतो. त्यांच्या चाचणीत पाचातल्या साधारण एका माणसाला तो भरपूर मात्रेतही येत नव्हता. कुटलेल्या मिरीत इतरही कितीतरी सुगंधी द्रव्यं असतात, म्हणून डब्यातली मिरी तुम्हाला येते आणि पेल्यातली येत नाही. पण दुसरी शक्यताही सांगतो. रोटंडोन थंड भागातल्या शिराझमध्ये जास्त असतं, उष्णतेत ते कमी होतं. तेव्हा तुमच्या यजमानांना मिरी खरोखर येते, की लेबलवर "शिराझ" वाचल्यावर येते, हे बाटली झाकल्याशिवाय कळणार नाही. यात त्यांचा कमीपणा नाही. बोर्दोला वाइन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली होती, तेव्हा त्यांनी रेड वाइनचे शब्द वापरून तिचं वर्णन केलं. 2001 साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळा नाकाच्या आधी बोलतो.

घरी करण्यासारखी सगळ्यात खरी चाचणी तीन पेल्यांची. दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. ओतणारा दुसऱ्या खोलीत. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून सहा वेळा करा. सहापैकी पाच वेळा ओळखलंत तर ते नशीब असण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आत येते. चार वेळा ओळखलंत तर ती 10 टक्के उरते, म्हणजे खात्री धरू नका.

जुन्नरी:

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आमची तीन एकर वाइनची द्राक्षं आहेत, शिराझ आणि कॅबर्ने. तुरटपणाचा विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्याकडं त्याची परीक्षा बाटलीच्या खूप आधी होते. काढणी जवळ आली की मी रोज सकाळी बागेत फिरून वेगवेगळ्या घडांचे मणी तोंडात टाकतो. मशीनवर साखर 22-24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दिसली तरी लगेच होकार देत नाही. साल चावून बघतो, मग बी दातांत फोडतो. बी हिरवी असली की तोंड वाळतं, सगळं कच्चं लागतं. तपकिरी होऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडुम वाजली की समजायचं. तुम्हाला पेल्यात जी सुपारी लागते, तिची सुरुवात त्या बीमध्ये असते.

आणि एक, लेबलवरचं साल. आपल्याकडं वेलीला दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. म्हणून काढणी जानेवारी ते मार्च. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा एकाच सालाची आपली बाटली तिकडच्या बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी. दोन्ही शेजारी ठेवून चाखताना हे धरा. पेला पांढऱ्या कागदावर तिरका केला तर कडेला कळतं, जांभळट कड म्हणजे तरणी, विटकरी झाली की वय झालं.

कर्वेरोड:

मला एक वेगळं सुचवायचं आहे. शब्दांबरोबर गुण द्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत 1959 साली 20 गुणांची पद्धत बसवली, रंगाला इतके, वासाला इतके, आंबटपणाला इतके. आमच्या गटात आम्ही तीच सोपी करून वापरतो. गुण द्यायचे म्हटल्यावर माणसाला काहीतरी ठरवावंच लागतं, "छान" म्हणून सुटता येत नाही. मात्र सगळ्यांनी आधी कागदावर लिहायचं, नंतर तोंड उघडायचं. ताई, तुमच्याकडे "मिरी" हा शब्द एकाने उच्चारला की बाकीच्या पाचांचं नाक तिथेच जातंय.

आणि मधे चिवडा, शेव ठेवू नका. तिखटाने अल्कोहोलची आग वाढते, टॅनिनही बोचतं. साधा पाव आणि पाणी, बस.

प्रयोगवही:

@कर्वेरोड, आधी लिहा मग बोला, हे शंभर टक्के मान्य. गुणांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ती पद्धत नव्याने तयार झालेल्या वाइनमधले दोष पकडायला होती, आणि त्या कामाला ती चोख आहे. पण 14 गुणांची वाइन तुम्हाला का आवडली हे चार महिन्यांनी त्या आकड्यातून परत मिळत नाही. "सुपारी" या शब्दातून मिळतं. गुण द्या, पण शब्द आधी.

तळजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार आणि त्यानंतरचा रविवार असे दोन दिवस आम्ही हेच केलं, त्याचा वृत्तांत देते.

चार बाटल्या आणल्या. दोन नाशिकच्या, एक शिराझ आणि एक कॅबर्ने. एक अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते नावाची, सांजोवेझे आणि कॅबर्ने या दोन द्राक्षांची. चौथी तीच, मे आणि डिसेंबरवाली. मुलीने स्वयंपाकघरात बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून रबरबँड लावले आणि वर क, ख, ग, घ लिहिलं. थर्मामीटरवर सगळ्या 17-18 अंशांत.

थुंकण्यासाठी काय ठेवावं हे कळेना. मग माळ्यावरून सासूबाईंच्या सासूबाईंची पितळी पिकदाणी काढली, चिंच लावून घासली. पहिली दहा मिनिटं कुणी हात लावेना. मग आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईंनी पदर सावरून सुरुवात केली आणि सगळ्यांचा संकोच गेला.

आधी तीन वाट्यांचा सराव केला. मला वाटलं होतं हा भाग लवकर आटपेल, त्यातच पाऊण तास गेला. आमच्यापैकी चौघं आयुष्यभर कोऱ्या चहाला "कडू" म्हणत आले होते. ओठ हिरडीला चिकटतोय हे एकदा बोटाने ओठ उचलून बघितल्यावर एकदम कळलं. त्यानंतर "स्मूथ" हा शब्द त्या संध्याकाळी कुणी वापरला नाही.

झाकलेल्या चार पेल्यांत ह्यांनी मिरी दोन ठिकाणी लिहिली. एक शिराझ निघाली, एक सेत्ते. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात मला हे पुन्हा करून बघायचंय. मला शिराझमध्ये मिरी याही वेळी आली नाही. पण तीन पेल्यांच्या चाचणीत, शिराझ आणि कॅबर्ने ठेवून, शनिवारी तीन आणि रविवारी तीन अशा सहा वेळांत माझ्या सहाच्या सहा बरोबर आल्या, ह्यांच्या पाच. मी कशावरून ओळखते ते तिसऱ्या वेळी शब्दांत आलं. कॅबर्नेत ढोबळी मिरचीचं देठ खुडल्यावर येतो तो हिरवा वास आहे, शिराझमध्ये तो नाही. शिराझमध्ये पिकून सुरकुतलेलं करवंद आहे, चीक गेलेलं. रविवारसाठी उरलेली वाइन छोट्या स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली होती, ती उत्तम टिकली.

आणि आता मुख्य. घ बाटलीचे, म्हणजे त्या मे-डिसेंबरवालीचे, दोन पेले केले. एक 17 अंशांवर ठेवला, दुसरा कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवून 31 अंशांवर आणला. कुठला कुठला ते मुलीलाच माहीत. पहिला नाकाशी नेला आणि मला आमच्या मे महिन्यातली बैठक आठवली, पंखा पाचवर, खिडक्या उघड्या, आणि तो औषधी वास. दुसऱ्यात जांभूळ. सहाही जणांनी कागदावर कोमट पेल्यापुढे "जळजळ" किंवा "स्पिरिट" यांतलं काहीतरी लिहिलं होतं, एकमेकांचं न बघता.

मे महिन्याच्या नोंदीतलं मी काही खोडलेलं नाही. तिच्या शेजारी पेन्सिलीने "पेला कोमट, अंदाजे 31" एवढं लिहिलं. 42व्या पानापासून वहीत अंशांचा रकाना आखला आहे. कर्वेरोड, गुणांचाही आखला आहे, पण शब्दांच्या नंतर.

@जुन्नरी, ते बी चावून बघण्याचं डोक्यातून जात नाही. तुमची काढणी अजून चालू आहे का? आम्ही सहाजण एखाद्या सकाळी आलो तर चालेल का?

जुन्नरी:

या की. शिराझ झाली, कॅबर्नेचे अजून आठ-दहा दिवस आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. पण उजाडायच्या आत पोचा, ऊन चढायच्या आधी काढणी उरकतो. हिरव्या बीचे दोन घड तुमच्यासाठी वेलीवर राखून ठेवतो, म्हणजे दोन्ही शेजारी चावून बघता येतील.